रक्ताची राखण

(निपाणी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हाला पाचवीला शास्त्र शिकवायचे. रक्तातल्या तांबड्या द्रव्याला हिमोग्लोबिन म्हणतात, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि आमच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. घरी जाऊन मी तो शब्द आईला ऐकवला. आई तेव्हा तंबाखूच्या वखारीत जात होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "ते काय की बाई. आम्हा बायकास्नी रगतच कमी असतंय." वखारीतल्या बायकांना रक्त कमीच असायचं, हे तिला मृगाचा पाऊस यावा इतकं ठरलेलं वाटत होतं. याच वखारीतल्या बायका पुढे संघटित झाल्या, आणि १९८२ साली 'युगांतर' या चित्रपटगटाने त्यांच्यावर माहितीपट केला. मजुरी, कामाचे तास, मुकादमाची भाषा यांवर त्या बोलायला शिकल्या. रक्ताबद्दल मात्र त्या आईसारख्याच गप्प राहिल्या.

मी औषधशास्त्र शिकले आणि बत्तीस वर्षं शिकवलं. आजचा प्रश्न त्या कामातूनच आला आहे. एखादं औषधच माणसाचं रक्त कमी करतं, तेव्हा झाडपाल्याचा अर्क त्या रक्ताची राखण करू शकतो का?

राखण हा शब्द मी जाणूनबुजून निवडला आहे. जोंधळा कणसात आला की माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकलतात, ती राखण. रात्री डुकरं येतात तेव्हा तीच गोफण उपयोगाची नसते, जाळ करावा लागतो, कुंपण घालावं लागतं. आणि पीक मुळातच पाण्याविना वाळत असेल तर माळ्यावर कितीही जागलात तरी कणीस भरत नाही. राखणदाराला आधी कळावं लागतं की पीक कोण खातंय. झाडपाल्याच्या अर्कांवरच्या बहुतेक चर्चेत नेमकं हेच विचारलं जात नाही.

२००६ सालची गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या एक अक्का होत्या. नवरा ट्रकवर होता, तो आधीच गेला. मग अक्कांनाही एचआयव्हीची लागण असल्याचं निघालं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने या आजाराची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली होती आणि पहिल्या टप्प्यातल्या सहा राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही होती. बेळगाव, बागलकोट, विजापूर हा पट्टा तेव्हा या रोगाने पोळलेला होता. गावात कोणाला कळू नये म्हणून अक्का सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका केंद्रात जायच्या. सकाळची एसटी, दुपारी परत. कार्डावर पुढच्या रक्ततपासणीची तारीख इंग्रजीत लिहिलेली होती, सांगणाऱ्याने ती घाईत सांगितली होती, आणि अक्कांनी ते कार्ड पिठाच्या डब्याखाली लपवलं होतं.

औषध सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात त्यांना विहिरीवरून घागर आणताना धाप लागायला लागली. तोंड पांढरं फटक पडलं. शेजारणी म्हणाल्या उष्णता झाली, गोळ्या गरम पडल्या. कोणीतरी गुळवेल आणि घेटुळीचा काढा सांगितला. घेटुळी म्हणजे पुनर्नवा. सोबत बीट आणि अळिवाची खीर. अलीकडच्या एका डॉक्टरांकडे त्या गेल्या, पण पलीकडचं कार्ड दाखवलं नाही. त्यांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. डॉक्टरांना दोष कसा देणार? अर्धी हकीकत पिठाच्या डब्याखाली होती.

दिवाळीत मी घरी आले तेव्हा अक्का ओळखू येत नव्हत्या. त्यांच्या नखांवर निळसर काळपट पट्टे उमटले होते. ते पाहून मी सगळी पाकिटं मागितली. झिडोव्हुडिन. हे औषध घेणाऱ्या माणसाची नखं अशी काळवंडतात, आणि याच औषधाने हाडांच्या मगजातला तांबड्या पेशींचा कारखाना मंदावतो. तपासणीत हिमोग्लोबिन ४.८ निघालं. दोन बाटल्या रक्त चढवलं, झिडोव्हुडिन बंद करून दुसरं औषध सुरू झालं, आणि चार महिन्यांनी त्या परत सूप घेऊन बिड्या वळायला बसल्या. त्या आजही आहेत. मला भेटल्या की अजून विचारतात, "बाई, त्या काढ्यानं माझं काय वाईट केलं का?"

काढ्याने त्यांचं रक्त कमी केलं नाही आणि वाढवलंही नाही. त्याने त्यांचे तीन आठवडे घेतले. ज्या माणसाचं हिमोग्लोबिन रोज थोडं थोडं उतरतंय, त्याच्याकडे तीन आठवडे शिल्लक नसतात.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. निरोगी माणसाच्या हाडांतला मगज दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करतो. पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नसतं, नवी प्रथिनं करता येत नाहीत, त्यामुळे १२० दिवसांची शिदोरी घेऊनच ती बाहेर पडते. औषध या व्यवस्थेवर कुठेही घाव घालू शकतं. झिडोव्हुडिन कारखान्यावर घालतं. अमेरिकेत या औषधाच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८७ साली छापून आले, त्यात ते घेणाऱ्या दर शंभरांतल्या २४ जणांचं हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली गेलं होतं. तेव्हाची मात्रा रोज १५०० मिलिग्रॅम होती. पुढे ती ६०० वर आली आणि त्रास कमी झाला. म्हणजे या रोग्यांच्या रक्ताची पहिली खरी राखण मात्रा उतरवण्यानेच झाली. आपल्याकडे नंतर पहिल्या पसंतीचं औषधच बदललं, आज नव्या रुग्णांना बहुतेक वेळा झिडोव्हुडिन दिलं जात नाही. पण कारखान्यावर घाव घालणारी दुसरी औषधं आली आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी २०२४ साली आपल्या देशात सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर झाला. त्यातलं लिनेझोलिड हे औषध मगजाला जाच करतं. कर्करोगाची बरीचशी औषधंही त्याच रांगेतली आहेत.

दुसऱ्या तऱ्हेची औषधं तयार पेशीच फोडतात. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन आणि हिवतापावरचं प्रायमाक्वीन ही त्यातली मुख्य. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली कुष्ठरोगासाठी बहुऔषधी उपचार सुचवले. त्यात प्रौढाला रोज १०० मिलिग्रॅम डॅप्सोन असतं. ही औषधं पेशीतल्या हिमोग्लोबिनला गंज चढवतात असं समजा. तो गंज धुणारं एक विकर पेशीत असतं, त्याचं लांब नाव सोडून देऊ, सगळे त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं. १९५६ साली अमेरिकेत, शिकागोजवळच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रायमाक्वीनचे प्रयोग चालू असताना हे उलगडलं. कैद्यांवर औषध तपासणं आज कोणी क्षम्य मानणार नाही, पण ज्ञान आलं ते तिथून. आपल्या भागाशी याचा संबंध असा, की या विकाराचा भारतात आढळणारा एक प्रकार शास्त्रात 'केरळ-कल्याण' या नावाने ओळखला जातो. कल्याण म्हणजे आपलं मुंबईजवळचं कल्याण. हे विकर कमी असलेल्या माणसाला यातलं एखादं औषध दिलं तर काही दिवसांत लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात, अंगातला जोर जातो.

आणि तिसरी तऱ्हा, जिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. पाठ दुखते म्हणून किराणा दुकानातून घेतलेली गोळी. दिवसभर मांडी घालून बिड्या वळणारी बाई, ऊस तोडणारा माणूस, रोज एक-दोन गोळ्या वर्षानुवर्षं घेतात. जठराच्या अस्तराला बारीक जखम होते आणि रक्त थेंबाथेंबाने जातं. दिसत नाही, दुखतही नाही. औषधाने होणारा पांडुरोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठी औषधं येतात, मला मात्र या गोळीची भीती जास्त वाटते. हिच्यावर कुठलाही पाला चालणार नाही, गळती बंद करणं हाच इलाज.

हे सगळं कोणत्या जमिनीवर घडतंय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय कर्नाटकात ४७.८ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के निघाला. सीमेच्या अलीकडे असा की पलीकडे, साधारण दोनातली एक बाई. जिचं हिमोग्लोबिन तेरा आहे तिचे दोन गेले तर ती जिना चढताना थांबेल. जिचं नऊ आहे तिचे दोन गेले तर ती अंथरुणाला खिळेल.

आता अर्कांकडे येते. प्रयोगशाळेत 'औषधामुळे झालेला रक्तक्षय आणि वनस्पतीचा अर्क' असा प्रयोग बहुधा एका ठरावीक पद्धतीने होतो. पांढरे उंदीर घेतात. त्यांना फिनाइलहायड्रॅझिन टोचतात. हे रसायन एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७५ साली तयार केलं. रक्त फाजील वाढण्याच्या एका रोगात ते एके काळी औषध म्हणूनही दिलं जात होतं. ते तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडवतं, पेशीत त्याच्या गुठळ्या साचतात आणि प्लीहा त्या पेशींना बाद करते. काही दिवसांत उंदराचं रक्त झपाट्याने उतरतं. मग एका गटाला अर्क देतात, एका गटाला नुसतं पाणी, आणि रोज रक्त मोजतात. अर्क दिलेले उंदीर लवकर सावरले की लेखात निष्कर्ष येतो की ही वनस्पती रक्ताचं रक्षण करते.

एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. आपल्या खानापूर, दांडेलीच्या रानात साग आहे. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरगळलं की हात लाल होतो, लहानपणी आम्ही हा खेळ खेळायचो. हा साग आफ्रिकेत बाहेरून नेऊन लावला गेला. टोगो या देशातले लोक रक्त कमी झालं की त्याच्या पानांचा काढा पितात. तिथल्या संशोधकांनी फिनाइलहायड्रॅझिन टोचलेल्या उंदरांवर सागाच्या पानांचा अर्क तपासला आणि २००८ साली प्रसिद्ध केलं की रक्त लवकर भरून येतं. आपल्या रानातलं झाड, आणि त्याच्या पानाची ही बाजू आफ्रिकेतल्या लोकांनी शोधावी, याची मला खंतही वाटली आणि त्यांचं कौतुकही.

पण शिक्षिका म्हणून मला इथे थांबून विचारावं लागतं. फिनाइलहायड्रॅझिन आज कोणत्याच रोग्याला दिलं जात नाही. ते पेशी फोडतं. म्हणजे हा प्रयोग फार तर डॅप्सोनच्या वाटेचा आहे. झिडोव्हुडिन किंवा लिनेझोलिड घेणाऱ्याला तो काहीच सांगत नाही, कारण तिथे कारखाना मंदावलेला असतो. पाखरांसाठी बांधलेल्या गोफणीची परीक्षा घेऊन आपण ती डुकरांवर चालेल असं धरून चालतो. दुसरं असं, की उंदराची तांबडी पेशी जेमतेम साठ दिवस जगते आणि विष थांबवलं की उंदीर दोनएक आठवड्यांत आपणहूनच सावरायला लागतो. रोग्याचं औषध मात्र थांबत नसतं, ते महिनोन् महिने चालूच असतं. तिसरी गोष्ट मात्रेची. अशा प्रयोगांत वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम अर्क ही मात्रा नवलाची नाही. उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक धरून रूढ सूत्राने हिशेब केला तरी साठ किलोच्या माणसाला रोज दहा ग्रॅमच्या आसपास निव्वळ अर्क लागेल. पाल्याचा नव्हे, आटवलेल्या अर्काचा हा आकडा आहे. आणि शेवटी, विष देण्याआधी अर्क दिला की नंतर, हे बघावं लागतं. आधी दिला तर ती राखण, नंतर दिला तर पेरणी पुन्हा करण्यासारखं. मथळ्यात दोन्हींना एकच शब्द असतो.

आपल्याकडे हे काम नेटाने करणारी माणसं होऊन गेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक कसोटीवर घासून पाहिल्या. 'वृक्षगान', 'हिरवाई' या पुस्तकांमुळे मराठी वाचक त्यांना झाडांच्या लेखिका म्हणून ओळखतात, प्रयोगशाळेतल्या त्यांच्या कामाची ओळख कमी आहे. १९८८ साली त्यांनी आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेल आणि शतावरी यांची तुलना लिथियम कार्बोनेट आणि ग्लुकान या ठाऊक असलेल्या द्रव्यांशी केली. कर्करोगावरच्या सायक्लोफॉस्फमाइडमुळे प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी घटतात, ती घट या दोन वनस्पतींनी काही प्रमाणात रोखली. यातली शिस्त मला महत्त्वाची वाटते. एकच औषध, नेमकी वनस्पती, आणि शेजारी तुलनेला दुसरं द्रव्य. शिवाय त्यांनी पांढऱ्या पेशींचा निष्कर्ष तांबड्या पेशींना चिकटवला नाही. आज बाजारात गुळवेलीच्या बाटलीवर 'रक्त वाढवते' असं छापलेलं दिसतं, ते या कामावरून आलेलं नाही.

आता आपल्या घाटातल्या एका झाडाबद्दल. चंदगड, आंबोली, राधानगरीच्या जंगलात नरक्या नावाचं छोटं झाड आहे. पानाला घाण वास येतो म्हणून मराठीत नरक्या, कन्नडमध्येही त्याचं नाव दुर्गंधावरूनच पडलं आहे. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचं दाखवलं. ते द्रव्य त्याआधी, १९६६ साली, एका चिनी झाडातून अमेरिकेत वेगळं केलं गेलं होतं, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी. वाणींचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकान हे कर्करोगावरचं औषध बनलं, १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालं, आणि त्याने अनेकांचं आयुष्य वाढवलं. हे औषध घेणाऱ्यांना सर्वांत मोठा त्रास कोणता होतो, तर मगज दबतो. पांढऱ्या पेशी उतरतात, हिमोग्लोबिन उतरतं, रक्त चढवावं लागतं.

म्हणजे नंदुरबारच्या माणसाने शोधलेलं, आपल्या घाटातही उगवणारं द्रव्य रक्त कमी करतं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला यापेक्षा थेट उत्तर मला सापडलेलं नाही. वनस्पती आपल्या भल्यासाठी ही द्रव्यं बनवत नाही. किड्यांपासून, गुरांपासून ती स्वतःची राखण करत असते. त्यातलं काही आपल्या उपयोगी पडतं, काही मारतं, आणि बऱ्याचदा दोन्ही एकच असतं, फरक मात्रेचा. नरक्याला भाव आल्यावर आपल्या डोंगरांतून चोरून किती लाकूड गेलं, ते चंदगडच्या लोकांना मी सांगायला नको. उद्या एखाद्या झाडाने रक्त वाढतं असं सिद्ध झालं, तर त्याचंही हेच होईल. लागवड आधी, जाहिरात नंतर, हा नियम आत्ताच करायला हवा.

आयुर्वेदाचं काय, असा प्रश्न सभेत नक्की येईल म्हणून आधीच बोलते. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. त्यात नवायस आहे, पुनर्नवा मंडूर आहे. नवायसात नऊ वनस्पतींच्या चूर्णाबरोबर नऊ भाग लोह असतं. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीटच. नुसत्या पाल्यावर रक्त भरून येत नाही, लोह लागतं, ही जाण त्या वैद्यांना होती. त्यांच्या नावाने नुसता पाला विकणारे चरकाच्या मागे गेलेले नाहीत. मात्र लोहाची कमतरता नसताना लोह देऊन उपयोग नसतो. अक्कांच्या बाबतीत तेच झालं.

उलट बाजूही आहे. ज्या वनस्पतींत गंज रोखणारी द्रव्यं भरपूर असतात, त्यांतल्या अनेकींत तुरट टॅनिनही भरपूर असतं. हिरडा घ्या, आपल्या घाटात पोत्यांनी गोळा होतो. टॅनिन आतड्यात लोहाला धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. जेवणावर लगेच चहा घेऊ नका असं सांगतात, त्याचं कारण हेच. म्हणजे अर्क एका हाताने पेशी वाचवील आणि दुसऱ्या हाताने लोह अडवील, असं होऊ शकतं. केव्हा प्यायचा, जेवणाआधी की नंतर, एवढा साधा तपशील निकाल फिरवू शकतो.

औषधांशी टक्कर हा वेगळाच धोका. अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना लसणाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा सॅक्विनाविर या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आलं. लसूण, आपण रोज फोडणीत घालतो तो. फोडणीतल्या दोन पाकळ्यांना घाबरायचं कारण नाही, पण अर्काच्या गोळ्या रोज घेणं निराळं. आणि शिसं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं हिमोग्लोबिन बनण्याच्या साखळीतच अडथळा आणतं. रक्त वाढावं म्हणून घेतलेल्या पुडीतून रक्त कमी करणारं विष पोटात जाऊ शकतं. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच: आपण पितो ती वेल नक्की कोणती, हे पिणाऱ्याला ठाऊक नसतं. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' आणि 'वनौषधिगुणादर्श' लिहिले ते याच काळजीपोटी, मराठी माणसाला आपली वनस्पती ओळखता यावी म्हणून. ते १९०९ साली गेले. त्यांची काळजी अजून तशीच आहे.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई झाडपाल्याच्या विरोधात आहेत. मी विरोधात नाही. मला तो नीट तपासलेला हवा आहे, आणि तो तपासण्याची ताकद दिल्लीत किंवा बॉस्टनमध्ये शोधायची गरज नाही, ती इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००६ साली बेळगावात केंद्र काढलं, आज ते राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था म्हणून काम करतं. पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती हा त्याच्या अभ्यासाचाच विषय आहे, आपला नरक्याही त्यात आला. शेजारी जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, १९६३ चं. तिथल्या लोकांनी बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, खेड्यात बाळंत होणाऱ्या १,६२० बायकांवर चाचणी केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या, निम्म्या खऱ्या आणि निम्म्या नुसत्या दिसायला तशा. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि जगभर बाळंतिणींच्या उपचारात त्याचा आधार घेतला गेला. अलीकडे याच कॉलेजने, गर्भवतींना शिरेतून एकदाच लोह देऊन काय होतं हे पाहणारी, ४,३२० बायकांची चाचणी कर्नाटक आणि राजस्थानात हाती घेतली. ज्या गावांनी गोळी तपासली, ती गावं काढाही तपासू शकतात.

माझ्या मते सुरुवात डॅप्सोनपासून करावी, कारण उंदरांवरचे प्रयोग त्याच वाटेचे आहेत. एकच वनस्पती, वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखून दिलेली, तिच्यातलं कोणतं द्रव्य किती हे मोजलेलं, जड धातू नाहीत याची खात्री केलेली. डॅप्सोन सुरू होण्याआधी प्रत्येकाचं जी-सिक्स-पीडी तपासलेलं. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तसाच दिसणारा निरुपद्रवी पदार्थ, आणि कोणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसलेलं. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्यात हिमोग्लोबिन. शिवाय डॅप्सोनचा कुष्ठरोगावरचा परिणाम कमी तर झाला नाही ना, हेही पाहायचं. कर्करोगात तर हा प्रश्न फार टोकदार आहे: मगजाला वाचवणारा अर्क गाठीलाही वाचवत असेल तर? अर्काचा उपयोग होत नाही असं चाचणीत निघालं, तर तेही मराठीत आणि कन्नडमध्ये छापावं. फसलेला प्रयोग दडवला की दहा वर्षांनी दुसरं कोणी तोच काढा घेऊन दारात उभं राहतं.

आणि चाचणीची वाट पाहत असताना करायचं काम तर आजचं आहे. मगज दाबणारं किंवा पेशी फोडणारं औषध सुरू करताना हिमोग्लोबिन मोजायचं आणि चौथ्या आठवड्याच्या आत पुन्हा मोजायचं. ही तपासणी स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणी होते. अक्कांना कुठलाही अर्क न देता ही एक तपासणी त्या अवस्थेपासून वाचवू शकली असती. आपल्या सीमाभागात माणूस निपाणीत राहतो, औषध कोल्हापूरला घेतो, शस्त्रक्रियेला मिरजेला जातो आणि ताप आला की बेळगावला. चार गावांत चार कागद, आणि एकाही डॉक्टरकडे चारही नाहीत. दोन राज्यांचे कागद सरकार कधी एकत्र करील ते करो, तोवर ते काम रोग्याच्या घरच्यांनीच करायचं आहे.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटं, पाठदुखीची सुटी गोळी, वैदूची पुडी आणि काढ्याची बाटली एकाच पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. आणि रक्ताचा आकडा मराठीत किंवा कन्नडमध्ये, तुम्हाला वाचता येईल त्या अक्षरात, तारखेसह लिहून मागा.